ट्रिंगला उतरा, रानात शिरा आणि वीस मिनिटं गप्प बसा

दरवर्षी एप्रिल लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, ब्लूबेल्स, म्हणजे इंग्लंडच्या रानातली ती निळी-जांभळी फुलं, कुठे बघायचे, आणि मे संपायच्या आत त्याच लोकांचा दुसरा मेसेज येतो की अगं गेलो होतो पण काहीच दिसलं नाही, नुसती झाडंच होती. मी लंडनजवळ वॉटफर्डला राहते, पहिली तीन वर्षं मी पण त्याच 'नुसती झाडं' पार्टीतली होते, त्यामुळे कुणाला हसत नाहीये. पण आता इतक्या वेळा जाऊन झालंय की दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आपला गोंधळ कुठे होतो तर आपल्या डोक्यात जंगल म्हणजे ताडोबा असतं. जिप्सी, गाइड, पहाटेचं गेट, आणि वाघ दिसला तर ट्रिप वसूल. इंग्लंडच्या रानात वाघ सोडा, लांडगे आणि अस्वलं पण शेकडो वर्षांपूर्वीच संपली, सगळ्यात मोठं जनावर म्हणजे हरीण. घाबरण्यासारखं जवळपास काही नाही, पण कोणी आणून दाखवणारं पण नाही. इथे सायटिंगच्या मागे धावलात तर हात हलवत परत याल. इथली पद्धत उलटी आहे, तुम्ही एका जागी बसायचं आणि रानाला तुमच्याकडे येऊ द्यायचं.

कुठलं रान घ्यायचं? इंग्लंडमध्ये अशी रानं भरपूर आहेत, पण मला जे पाठ आहे तेच सांगते, ॲशरिज. हर्टफर्डशर आणि बकिंगहमशरच्या सीमेवर, चिल्टर्न टेकड्यांवर, नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू आणि निसर्गाच्या जागा सांभाळणाऱ्या संस्थेची, साधारण ५००० एकर जागा आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ट्रिंगला ट्रेनने चाळीसेक मिनिटं लागतात, वॉटफर्ड जंक्शनवरून त्याहून कमी. एक मोठा घोटाळा आधीच सांगून ठेवते, ट्रिंग स्टेशन आणि ट्रिंग गाव ह्यात चांगलं दीड-दोन मैलांचं अंतर आहे, पण आपल्याला गावात जायचंच नाहीये, आपल्याला उलट्या बाजूला ऑल्डबरी नावाच्या छोट्या गावाकडे जायचंय. स्टेशनवरून रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. गावात मधोमध बदकांचं तळं आहे आणि तळ्याकाठी जुन्या काळी गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा अजून उभा आहे, मुलं त्यात पाय घालून फोटो काढतात. तिथून वर चढ, झाडांमधूनच, दमछाक होते पण सिंहगड चढलेल्याने कुरकुर करू नये, आणि वर पोचलात की ब्रिजवॉटर मॉन्युमेंट. १८३२ सालचा उंच खांब आहे, ज्याने इंग्लंडात कालवे खोदले त्या ड्यूकच्या आठवणीतला. १७२ पायऱ्या आहेत आत, उघडा असेल तर चढा. त्याच्या पायथ्याशी कॅफे आहे, टॉयलेट आहे, तिथे जाऊन घ्या, कारण पुढे काही नाही. वीकेंडला इंजिनिअरिंग वर्क्समुळे ट्रेनच्या जागी बस असते कधीकधी, आदल्या रात्री बघा, आम्ही एकदा न बघता निघालो आणि अर्धा दिवस बसच्या रांगेत गेला.

ज्या ट्रिंग स्टेशनवर तुम्ही उतराल ना, तिथेच ६ मार्च १८६६ च्या रात्री दीड वाजता एक स्पेशल ट्रेन आली होती. त्यात पर्यटक नव्हते, लंडनहून आणलेले शंभराच्या वर मजूर होते, हातात पहारी आणि छिन्न्या. झालं असं की इथल्या जमीनदाराने, लॉर्ड ब्राउनलोने, बर्कमस्टेडची सगळ्या गावाच्या वापरातली गायरानाची जमीन लोखंडी कुंपण घालून आपल्यात ओढली, आणि ऑगस्टस स्मिथ नावाच्या माणसाने कोर्टात जाण्याआधी सरळ ती माणसं पाठवून रातोरात कुंपणच उपटून टाकलं. सकाळी गावकरी आले तर मैदान परत मोकळं. नंतर कोर्टात केस चालली आणि १८७० मध्ये निकाल स्मिथच्याच बाजूने लागला. आपल्याकडे गायरानाची भांडणं काय कमी आहेत, त्यामुळे मला ही गोष्ट फारच आपली वाटते. ॲशरिजचा बराच भाग १९२६ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आला. आज आपण तिथे फुकट हिंडतो त्याच्या मागे ती एक ट्रेन आहे.

ह्याच्यावरूनच वाटेचा मुद्दा. इथे जमीन खाजगी असली तरी तिच्यातून जाणाऱ्या वाटेवर चालायचा हक्क सगळ्यांना असू शकतो. पिवळा बाण म्हणजे पब्लिक फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, घोडे आणि सायकली पण येणार, बाजूला व्हायची तयारी ठेवा. मी पहिल्या वर्षी 'प्रायव्हेट वुड्स' असा बोर्ड बघून घाबरून मागे फिरले होते, मैलभर चालून आल्यावर, आणि त्याच खांबावर खाली पिवळा बाण होता. बोर्डाचा अर्थ एवढाच की वाट सोडून आत शिरू नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्या, एक्सप्लोरर १८१ नंबरचा, किंवा त्यांचं ॲप घ्या, त्यात ह्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. ॲप घेतलं तर नकाशा घरीच डाउनलोड करा, झाडीत नेटवर्क जातं आणि मग फोन हातात धरून गोल गोल फिरणं होतं. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. कुंपण ओलांडायला लाकडाच्या पायऱ्या असतात त्यांना स्टाइल म्हणतात, पाऊस पडून गेला असेल तर त्या साबणासारख्या घसरतात, सासूबाईंना तिथे हात द्या.

आणि हो, गाई. ह्या सगळ्या लेखात सगळ्यात जास्त जपून राहायला सांगावं असं जनावर रानातलं नाही, शेतातली वासरंवाली गाय आहे. फुटपाथ बरेचदा गाईंच्या शेतातून जातो, आपल्याला गाईची सवय म्हणून आपण बिनधास्त तिच्या आणि वासराच्या मधून जातो, तसं अजिबात करू नका, लांबून वळसा घाला. सोबत कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळेल, तुम्ही वाचाल.

आता कधी जायचं. सगळे सांगतील ब्लूबेलला, म्हणजे साधारण एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य, आणि ते खोटं नाही. ॲशरिजमध्ये डॉकी वुड म्हणून भाग आहे तिथे बीचच्या झाडांखाली जमीन निळी-जांभळी होते, लांबून धूर साचल्यासारखी दिसते. कारण साधं आहे, बीचची पानं एकदा आली की खाली ऊनच पोचत नाही, म्हणून ही फुलं पानं यायच्या आधी घाईघाईने सगळं उरकून घेतात, आणि म्हणूनच सीझन इतका छोटा. जगातले जवळजवळ निम्मे ब्लूबेल एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. सीझनमध्ये वीकेंडला तिथे तिकीट असतं, वेबसाइट बघून जा, आणि जमलं तर मधल्या वारी सकाळी जा. आपलं कास पठार ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगतेच, फुलात बसून फोटो काढायचा नाही. तुटतं ते फूल नाही हो, चिरडतात ती पानं, आणि पान चिरडलं की खालच्या कांद्याला पुढच्या वर्षीचं खाणं मिळत नाही. बी पडल्यापासून फूल यायला पाचेक वर्षं तरी लागतात. मुलाला त्या निळ्या गालिच्यात बसवून फोटो काढायचा मोह मला पण झालाय, एकदा काढलाय पण, तो फोटो अजून फोनमध्ये आहे आणि मी कुणाला दाखवत नाही.

पण मला विचाराल तर ब्लूबेलपेक्षा ऑक्टोबर भारी. दोन कारणं, एक म्हणजे बीचची पानं तांब्यासारखी होतात आणि सकाळचं तिरपं ऊन त्यातून येतं, आणि दुसरं म्हणजे फॅलो हरणं. ही ॲशरिजची खासियत, इथे शेकडो वर्षं डिअर पार्क होतं त्यातली ही हरणं आता मोकळी फिरतात. उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके असतात, पहिल्यांदा बघितलं की तोंडातून 'अय्या, चितळ' असंच निघतं, पण शिंगं बघा, चितळाची काठीसारखी, ह्यांची तळव्यासारखी पसरट. ऑक्टोबरमध्ये नर माद्यांसाठी भांडतात, आणि त्यांचा आवाज म्हणजे घोरणं आणि ढेकर ह्यांच्या मधलं काहीतरी, माझा नवरा म्हणतो लग्नाच्या पंगतीनंतर हॉलमध्ये झोपलेल्या काकांचा आवाज. हे दिवस तेवढे लांब राहा, पन्नास मीटर तरी, नर तेव्हा भानावर नसतात. आणि जूनमध्ये गवतात एकटं पाडस पडलेलं दिसलं तर ते हरवलेलं नाही, आईने मुद्दाम लपवून ठेवलंय, हात लावू नका, गुपचूप निघून या.

हिवाळ्यात कोणी जात नाही आणि ते चूक आहे, कारण पानं गळलेली असतात म्हणजे पक्षी लपणार कुठे. फक्त घड्याळ बघा, डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य जातो, आपण एक वाजता आरामात जेवून निघायचं म्हणतो तसं केलं तर पोचेपर्यंत अंधार. सगळ्यात कंटाळवाणा काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट, सगळं हिरवंगार, दाट, पक्षी चिडीचूप, आणि अंगाला आग-खाज आणणारी नेटल्सची झुडपं कमरेपर्यंत.

आता मुख्य काम, बसायचं कसं. वाटेपासून चार पावलांवर एखादं मोठं झाड बघा, खोडाला पाठ टेका, खाली प्लास्टिकची पिशवी किंवा जुनी चटई घाला कारण जमीन वर्षभर ओली असते, फोन सायलेंट करा आणि वीस मिनिटं बोलायचं नाही. वीस मिनिटं हा आकडा मी अनुभवातून काढलाय. पहिली पाच मिनिटं तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प असतात. मग एखादा रॉबिन येतो, हा निर्लज्ज पक्षी आहे, अगदी दोन हातांवर येऊन बघतो, कारण जमीन उकरणाऱ्याच्या मागे मागे हिंडून किडे खायची ह्याची सवय, तुम्ही पायाने थोडा पाचोळा उकरून बघा. दहा मिनिटांनी खारी भांडायला लागतात. ह्या करड्या खारी इथल्या नाहीत, १८७६ मध्ये अमेरिकेतून आणून सोडल्या आणि त्यांनी इथल्या लाल खारीला दक्षिण इंग्लंडमधून जवळजवळ हाकलूनच दिलं. आणि पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला, सगळे विसरलेले असतात की तुम्ही तिथे आहात, तेव्हा खरी मजा सुरू होते.

लहान मुलं वीस मिनिटं बसतील का? नाही बसणार. माझी युक्ती अशी, प्रत्येकाने डोळे मिटायचे आणि वेगळा आवाज आला की एक बोट वर करायचं, दहा बोटं झाली की चॉकलेट. सासूबाई पण खेळल्या, आणि जिंकल्या.

कपड्यांबद्दल लोक विचारतात की हिरवेच घालायचे का. रंगापेक्षा आवाज वाईट, ते नायलॉनचं जॅकेट असतं ना सर् सर् करणारं, ते घरी ठेवा. हरणांना लाल-केशरी नीट दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणजे आपली लाडकी निळी जीन्सच त्यातल्या त्यात वाईट. आणि वास! वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर कितीही गप्प बसा, संपलं. आमच्याकडे एकदा सगळे श्वास रोखून बसलेले, समोर तीन हरणं चरत होती, वारा फिरला आणि तिघांनी एकदम मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि गेली. सासूबाईंनी निघताना कपाळाला अमृतांजन चोळलं होतं.

आवाजांवर थोडं जास्त लिहिते कारण इंग्लिश रान हे बघण्यापेक्षा ऐकण्याचं रान आहे. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-लॅबचं, फोन धरला की कोण गातंय ते सांगतं, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, पुष्टी म्हणून वापरा. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यात सोपा चिफचॅफ, स्वतःचं नावच म्हणत बसतो, चिफ चॅफ चिफ चॅफ, आपल्या पावशासारखा चिकाटीचा. साँग थ्रश एक ओळ म्हणतो आणि लगेच दोन-तीनदा परत म्हणतो, क्लासमधल्या पाढ्यांसारखं. ब्लॅकबर्ड आपल्या कस्तुराच्या जातकुळीतला, संध्याकाळी निवांत गातो, ज्याने सह्याद्रीत शीळकरी कस्तूर ऐकलाय त्याला त्याच्याशी तुलना करायचा मोह होईल, करा, मी पण करते, सह्याद्री जिंकतो. सुतारपक्षी दोन लक्षात ठेवा, ठिपक्याठिपक्यांचा ग्रेट स्पॉटेड हा फांदीवर ड्रम वाजवतो, जानेवारीपासूनच, आणि हिरवा सुतार जो असतो तो हसतो, खरंच, कोणीतरी झाडावर बसून तुमच्या बुटांना हसतंय असं वाटतं. आणि घुबड, टॉनी आउल, ह्याचा तो पुस्तकातला 'ट्विट-टू' आवाज एक घुबड काढतच नाही. मादी 'की-विक' करते आणि नर 'हूऽऽ हू' करून उत्तर देतो, दोघांचं मिळून आपल्याला एक ऐकू येतं.

पहाटे सगळे पक्षी एकदम गायला लागतात तो डॉन कोरस एकदा तरी ऐका. मेच्या सुरुवातीला सूर्य सव्वापाच-साडेपाचला उगवतो, कोरस त्याच्या तासभर आधी सुरू होतो, म्हणजे चारला रानात. ट्रेन नाही मिळणार, गाडीनेच जावं लागेल. आपल्याकडे काकड आरतीला उठायची सवय असलेल्या पिढीला घेऊन जा, बाकीचे कुरकुरतात.

ॲशरिजमध्ये अजून दोन-तीन प्राणी आहेत ज्यांच्या गोष्टी प्राण्यांपेक्षा भारी आहेत. एक मंटजॅक. कुत्र्याएवढं, पाठीत वाकलेलं, मान खाली घालून चोरासारखं चालणारं हरीण. हे आपल्या भेकराचं चुलतभावंड, मूळ चीनचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून जवळच्या वोबर्नला बेडफर्डच्या ड्यूकने आणलेलं, तिथून निसटलं आणि सगळीकडे झालं. संध्याकाळी कुत्रा भुंकतोय असं वाटलं आणि भुंकणं थांबतच नसेल तर तो मंटजॅक. कोयनेकडच्या माझ्या काकांना मी रेकॉर्डिंग पाठवलं तर ते म्हणाले हे तर भेकर, कुठे गेलीस गावाला? दिसायला गोड पण इथले रान सांभाळणारे ह्याच्यावर वैतागलेले असतात, कारण ते ब्लूबेल पण खातं आणि झाडांचे कोवळे कोंब पण.

दुसरा ग्लिस ग्लिस. खारीसारखा करडा, मोठ्या डोळ्यांचा, झुपकेदार शेपटीचा, रोमन लोक ह्याला वाढवून खायचे. १९०२ मध्ये ट्रिंगच्या वॉल्टर रॉथस्चाइल्ड नावाच्या श्रीमंत माणसाच्या खाजगी प्राणीसंग्रहातून काही सुटले आणि तेव्हापासून ते मुख्यतः ह्याच चिल्टर्नच्या पट्ट्यात राहिलेत. वर्षातले सहा-सात महिने झोपतो, बाकीचे लोकांच्या माळ्यावर नाचतो. दिसणं कठीण, रात्रीचा प्राणी आहे.

तिसरी लाल घार. हे मात्र डोकं वर केलं की दिसणारच. इंग्लंडमधून ह्या घारी पूर्ण संपल्या होत्या, १९८९ पासून पुढची पाच वर्षं स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली आणि आता आकाशात सतत चार-पाच तरी घिरट्या घालत असतात. आपल्या घारीपेक्षा शेपूट खूप खोल कापलेली, दुभंगलेली, अंग तांबूस. आपल्या घारीसारखी हातातला वडा पळवेल का, असं मुलाने विचारलं. सहसा नाही, पण वडा दाखवत पण बसू नका, त्यांना खायला घालायचं नसतं.

झाडांकडे पण बघा जरा. इथे 'एन्शंट वुडलँड' हा शब्द सारखा येईल, त्याचा अर्थ निदान १६०० सालापासून जिथे सलग रान आहे ती जागा. आख्ख्या ब्रिटनच्या जमिनीपैकी अडीच टक्केच अशी उरलीये. मला हे कळलं तेव्हा लगेच आपली देवराई आठवली, पण फरक आहे, देवराई वाचली देवाच्या धाकाने, कोणी काडी तोडत नाही म्हणून, आणि ही रानं वाचली ती लोक सतत तोडत होते म्हणून. म्हणजे बुंध्यापाशी कापायचं, परत धुमारे फुटतात, सात-दहा वर्षांनी परत कापायचं, ह्याला कॉपिसिंग म्हणतात, आणि डोक्याच्या वरच्या उंचीवर कापायचं म्हणजे गुरं धुमारे खाणार नाहीत त्याला पोलार्डिंग. ॲशरिजमधल्या फ्रिथ्सडन बीचेस भागात असे शेकडो वर्षांचे पोलार्ड बीच आहेत, वाकडेतिकडे, पोटात ढोली, मधूनच फांदी कोसळलेली. चिल्टर्नच्या बीचपासून हाय विकमच्या खुर्च्या व्हायच्या, आणि खुर्चीचे पाय कातणारे कारागीर रानातच झोपडी टाकून काम करायचे, त्यांना बॉजर म्हणत. लाकडाला किंमत होती म्हणून रान ठेवलं, इतकं साधं. जोराचा वारा असेल त्या दिवशी मात्र ह्या म्हाताऱ्या झाडांखाली बसू नका, आणि ॲशच्या झाडांना २०१२ पासून बुरशीचा रोग लागलाय, ती वाळलेली असतात, त्यांच्यापासून पण लांब.

खाण्याचं. थर्मासमध्ये चहा, थालीपीठ, कोरडी लसणाची चटणी, झालं. बार्बेक्यू, स्टोव्ह काही पेटवायचं नाही. रानात एप्रिलमध्ये वाइल्ड गार्लिक उगवतो, वास येतोच लांबून, आणि आपल्यातले बरेचजण त्याची चटणी करतात, मी पण करते, मस्त होते. स्वतःच्या घरापुरती रानटी पानं-फळं तोडणं इथे साधारण चालतं, मुळासकट उपटणं जमीनमालकाच्या परवानगीशिवाय बेकायदा आहे, आणि काही जागांचे वेगळे नियम असतात, बोर्ड वाचा. धोका असा की त्याच्याच मध्ये लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी झाड उगवतं, लिली ऑफ द व्हॅलीची पानं पण तशीच दिसतात. चोळून वास घ्या हे सगळे सांगतात, पण चार पानं चोळली की हातालाच लसणाचा वास लागतो आणि मग सगळ्याच पानांना तो येतो, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे एकेक पान बघून तोडा, मूठ मूठ ओरबाडू नका. अळंबीच्या भानगडीत पडूच नका. ब्लॅकबेरी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बिनधास्त खा, कुत्र्यांच्या उंचीच्या वरच्या.

साप-विंचवाची भीती घालवून टाका. ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर, आपल्या फुरशा-घोणसाच्या घराण्यातला पण लाजाळू, पावलांचा आवाज आला की निघून जातो. खरा त्रास गोचीड, इथे टिक म्हणतात. गवतातून, फर्नमधून पायाला चिकटतात, तिळाएवढ्या, आणि काहींमध्ये लाइम नावाच्या रोगाचे जंतू असतात. पँट मोज्यात खोचा, दिसायला गबाळं दिसतं पण खोचा. घरी आल्यावर सगळ्यांना तपासा, गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसात. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, तेल, चुना, पेटती उदबत्ती असले आजीचे उपाय करू नका. नंतरच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं किंवा ताप-अंगदुखी आली तर जीपीकडे, म्हणजे इथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि टिक चावल्याचं आपण होऊन सांगा. मला एकदा चावली होती, काही झालं नाही, पण ते तीन महिने मी रोज पाय बघत होते. नेटल्स म्हणजे खाजकुइलीची सौम्य बहीण, लोक डॉकचं पान चोळा म्हणतात, मला कधी फरक पडला नाही, तासाभरात आपोआप जातं.

बूट जुने घाला, वॉटरप्रूफ असतील तर उत्तम, कारण चिखल इथे जूनमध्ये पण असतो, आणि पिशवीत जादा मोजे. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी आमचा ठरलेला रूट म्हणजे चढ टाळायचा, गाडीने थेट मॉन्युमेंटपाशी जायचं आणि तिथल्या सपाट वाटेवर अर्धा तास, सासूबाई साडीवर माझे बूट घालून चालतात आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण 'मॉर्निंग' म्हणतो त्याला 'नमस्कार' म्हणतात. तुम्ही पण काहीतरी म्हणा, शहरात कोणी बघत नाही पण वाटेवर न बोलता पुढे जाणं इथे शिष्टपणाचं वाटतं.

आणि धो धो पाऊस लागला तर? मग मघाशी म्हणलं ते ट्रिंग गाव. तिथे त्याच रॉथस्चाइल्डने १८९२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं म्युझियम आहे, आता नॅचरल हिस्टरी म्युझियमचं आहे, फुकट, फक्त कुठले दिवस उघडं ते बघून जा. हा माणूस बग्गीला घोड्यांऐवजी झेब्रे जुंपायचा. आत जमिनीपासून छतापर्यंत पेंढा भरलेले प्राणी आहेत, आणि एका कोपऱ्यात मेक्सिकोहून आणलेल्या कपडे घातलेल्या पिसवा आहेत. हो, पिसवा, भिंगातून बघायच्या. सासूबाईंनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, शिवण मात्र सुबक आहे हो.